रविवारच्या राइडनंतर काय प्यायचं

मंडळी, रविवारी आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याची सायकल राइड आहे, परत आल्यावर काय प्यायचं हे ग्रुपवर सारखं विचारलं जातंय म्हणून लिहितेय. महागड्या पावडरचे डबे प्लीज घेऊ नका, खरंच गरज नाही.

आपल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता गळत राहतो आणि त्याबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही. घरचं कोकम आगळ, साखर, चिमूटभर जास्त मीठ आणि पाणी, झालं. आगळात मीठ असतंच, आधी चव बघा. शहाळं छानच, पण त्यात पोटॅशियम भरपूर नि सोडियम कमी, म्हणून सोबत खारे शेंगदाणे खा.

दोन तासांच्या वर चालवलीत तर पोटात प्रोटीनपण हवं. एक ग्लास दूध, दोन केळी, थोडा गूळ, मिक्सरला फिरवा (दुधातून साधारण ८ ग्रॅम प्रोटीन मिळतं). दूध पचत नसेल त्यांनी ताक, मीठ घालून.

निघताना आणि आल्यावर वजन करा, जेवढे किलो कमी तेवढे लिटर, वर थोडं जास्त, पण एकदम नको, दोन-तीन तासांत घोट घोट. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

आगळाची बाटली मी आणतेय, ग्लास आपापले आणा.