सहीची जागा मोकळी ठेवली आहे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ली डिसिजनचा करार, म्हणजे लवकर अर्ज करायचा आणि निवड झाली तर तिथेच जायचं हा शब्द, काल जेवणं आटोपल्यावर वाचला. तीन सह्या लागतात: तुझी, तुझ्या कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमची आणि पालकाची. बावीस वर्षं मी बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. "नुसता नावापुरता जामीन" म्हणून सही करून गेलेली माणसं पुढे माझ्याच समोर येऊन, मान खाली घालून बसलेली पाहिली आहेत. म्हणून सही केलेली नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

तुझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "मॅडम, अर्लीत चान्स वाढतो." खोटं नाही ते. नक्की येणार असा शब्द देणारी मुलं कॉलेजांना हवीच असतात. पेन, ड्यूकसारख्या विद्यापीठांत निम्म्याच्या आसपास जागा अशाच भरतात. पण त्यांत त्यांचे खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, ते सर बोलले नाहीत. आणि निवड झाली की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. मग दुसरं कोण खर्चासाठी किती मदत देतंय हे कळायचं कसं? राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ९०,००० डॉलरच्या घरात, म्हणजे पाऊण कोटीच्या वर. चार वर्षांचा गुणाकार तूच कर, मला झोप लागत नाही.

मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, तेही वाचलं. पण निकाल लागणार डिसेंबरच्या मध्यात आणि बाकीच्या बहुतेक कॉलेजांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला. मधल्या पंधरवड्यात बाबांचा फॉर्म सोळा आणि शेताचा सातबारा पुढे करून मी अमेरिकेशी घासाघीस करत बसू?

दुसरं. परदेशी मुलानं मदत मागितली की बहुतेक कॉलेजं निवड करतानाच ती गोष्ट धरतात. तसं न करणारी मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी थोडी. त्यांतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या अर्लीत बांधिलकी नाही. इतर खासगी विद्यापीठांत त्या वेळी अर्ली अर्ज करायचा नाही, एवढी अट. निवड झाली तरी १ मेपर्यंत विचार करता येतो. गंमत म्हणजे अर्लीचा फायदा सुस्थितीतल्या मुलांनाच होतो म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं २००६ साली ही सोय बंद करायचं जाहीर केलं होतं, आणि २०११ मध्ये परत सुरूही केली. मोठ्यांचं असंच असतं.

तेव्हा माझं म्हणणं, अर्ली करायचंच तर येलला कर. एकूण अर्जांत शंभरात पाचजणही घेत नाहीत, ठाऊक आहे. पण नाही म्हणाले तर नुकसान एका अर्जाचं. या करारात हो म्हणाले तरी आपण अडकतो.

आता अर्जासोबतचा निबंध. तुझे दोन्ही खर्डे शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात आजोबांची गिरणी होती. दगड बोथट झाला की आवाज बदलतो, पीठ हाताला गरम लागतं, आणि बारा वर्षांची तू उंबऱ्यातूनच ओरडायचीस, "आजोबा, टाकी लावा!" सरांनी सुधारलेल्या खर्ड्यात बरोब्बर ६५० शब्द आहेत, 'ग्रामीण महिलांचं सक्षमीकरण' आहे, 'नेतृत्व' तीनदा आहे. गिरणीचा 'स्थानिक उपक्रम' झालाय आणि आजोबा एका वाक्यात उरकलेत. अगं, गिरणीत येणाऱ्या बायका दळण न्यायला येतात, सक्षम व्हायला नाही. सरांनी पैसे घेतलेत, त्यांनी व्याकरण जरूर तपासावं, मुदती सांभाळाव्यात, कुठल्या कॉलेजला कुठला फॉर्म ते बघावं. गिरणीला हात लावू नये.

पहिला खर्डा मी आजोबांना मराठीत करून वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकला. मला वाटलं, आता भरून येणार त्यांना. तर म्हणाले, "ज्वारीला आवाज वेगळा येतो, ते राहिलंय तिचं."

तेवढं एक वाक्य घाल. येलची मुदत १ नोव्हेंबर आहे, फराळाचा डबा त्याच्या आधी पाठवत नाही. करार कपाटात ठेवलाय. तुला अजूनही वाटलं तर रविवारी फोन कर, बाबांना पण बसवते, हिशेब घेऊन बोलू.

तुझी,
आई