आधी चिकटपट्टी काढा, मग रागवा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं तुमचं जे मशीन आहे, त्याच्या मास्कवरची पारदर्शक चिकटपट्टी काढून टाका. नळी जिथे मास्कला जोडली जाते त्या कोपऱ्यावर लावली आहे, तीच. काढलीत? आता बसा.

ग्रुपवरचा तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. मशीन उघडलेलं, स्क्रू कागदावर ओळीने, प्रत्येकाखाली पेन्सिलने नंबर. दादाने लगेच अंगठा पाठवला. माझं लक्ष मात्र बाजूला पडलेल्या मास्ककडे गेलं. त्या बारीक छिद्रांतून हवा येते ती गळती नाही हो. ती मुद्दाम ठेवलेली वाट आहे. तुम्ही सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. ती बुजवली की सोडलेलीच हवा पुन्हा आत ओढायची. तुम्ही ती पट्टी आईसाठी लावलीत, तिच्या तोंडावर रात्रभर वारा येतो म्हणून, हे मला न सांगताच कळलं. आई, नवा मास्क आला की तुला हा त्रास होणार नाही. त्याची छिद्रं अशी आहेत की झोत एका जागी लागत नाही, हवा पसरते.

हो, नवा मास्क. आणि नवं मशीनसुद्धा. मागवून झालं आहे. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "आधीचं चालतंय की" हेच ऐकायला मिळालं असतं. दादाशी बोलले, स्लीप स्टडीवाल्या (झोपेतल्या श्वासाची चाचणी करणाऱ्या) डॉक्टरांशी बोलले, त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली. पैशांचं आमचं आम्ही पाहिलं आहे, तो विषय काढायचा नाही. जुन्या मशीनचं वय झालं होतं, हवा ढकलणारा ब्लोअर शिट्टीसारखा वाजत होता, मध्यरात्री ते आपोआप बंद पडत होतं. म्हणजे तुम्ही ते उघडलं नसतंत तरी मी हेच केलं असतं. खरंच केलं असतं. तुमच्या हातावर विश्वास नाही असा अर्थ कृपा करून काढू नका.

आईवरही रागवायचं नाही. "बाबांना सांगू नकोस" असं तिने मला बजावलं होतं आणि मी तिचं नाव इथे लिहिते आहे, कारण लपवालपवीचा आपल्या घराला पूर्वानुभव आहे. (इस्त्रीचं प्रकरण.) मशीन बंद पडतं तेव्हा ती जागीच असते. तुमचं घोरणं थांबलं की तिचा जीव टांगणीला. पुढचा श्वास आल्यावर ती कूस बदलते. तुम्ही सकाळी म्हणता, "झक्क झोप लागली."

बाबा, तुमचं निदान निम्मं अगदी बरोबर होतं, तेही लिहिते. अडॅप्टर मल्टीमीटरवर तपासलात, 24 व्होल्ट बरोबर आले. फिल्टर काळा झाला होता, तो बदललात. नळी पाण्यात बुडवून भोक शोधलंत, ते तर मला सुचलंच नसतं. इथे थांबायला हवं होतं. त्यापुढे आतला काळा स्पंज काढून तिथे खोक्याच्या पॅकिंगमधला स्पंज कापून बसवलात. कापला आहे मात्र किती नेमका! पण हवा ब्लोअरमधून त्याच्याजवळूनच जाते आणि तिथून थेट तुमच्या छातीत. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीला जगभरातून लाखो मशीन परत बोलवावी लागली, ती आवाज दाबायला बसवलेल्या पॉलियुरेथेनच्या फोममुळेच. तो भुगा होऊन त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. उष्ण-दमट हवेने आणि ओझोनच्या साफसफाईने तो जास्तच खराब होत होता. तो फोम तर मुळात मशीनसाठी निवडलेला होता. तुमचा खोक्यातला. पाण्याच्या डब्याची चीर ज्या गोंदाने बुजवलीत त्याच्यावरूनही रोज गरम वाफ जाणार.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. हा उपचार शोधणाऱ्या सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांचं पहिलं मशीनही व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवरच तर बनलं होतं! हे तुम्ही मला स्लीप स्टडीच्या दिवशीच ऐकवलं होतंत, डोळे असे चमकत होते की आजार तुम्हाला झालाय असं वाटतच नव्हतं. खरं आहे ते. पण 1981 च्या त्या प्रयोगातले 5 रुग्ण प्रयोगशाळेत झोपले होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला जागी माणसं होती. तुमच्याकडे जागी फक्त आई आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे. मिक्सर, पंखा, काकांचा रेडिओ, तुम्ही जे जे दुरुस्त केलंत ते चाललं की नाही हे तुम्ही उभ्या उभ्या पाहू शकत होता. या मशीनची परीक्षा तुम्ही झोपल्यावर होते. पडद्यावर हवेचा दाब 11 दिसतो म्हणजे आतल्या सेन्सरला तो 11 वाटतो. सेन्सर किंचित हलला असेल, त्याच्या वाटेत ओल गेली असेल, तर आकडा तोच राहील आणि मास्कमध्ये दाब 7 असेल. तो तपासायला वेगळा मापक लागतो. तो लावल्याशिवाय कारखान्यातूनही मशीन बाहेर पडत नाही. तुमच्या चाचणीत तासाला 38 वेळा श्वास अडला होता, आणि मोजणीत येतो तो निदान 10 सेकंद अडलेलाच. मशीनवर हाच आकडा 5 च्या खाली असायचा. दुरुस्तीनंतर मशीनच्या मेमरी कार्डावर काय नोंद आहे ते पाहिलंत का? मी डॉक्टरांना पाहायला सांगितलं आहे.

लहानपणी तुमच्या घोरण्याशिवाय मला झोप लागायची नाही, आठवतं? तुम्ही फिरतीवर गेलात की मी आईला घोरायला सांगायचे आणि ती बिचारी खोटं खोटं घोरायची. दुरुस्तीच्या वेळी बॅटरी धरायचं कामही माझंच. "हलवू नकोस, उजेड इकडे." हात भरून यायचा, पण खाली करायची नाही. आजही कुठे काही उघडलेलं दिसलं की मी आधी स्क्रूंना नंबर घालते. दूर राहते, शेजारी उभी राहून बॅटरी धरता येत नाही, हे मनातून जात नाही. म्हणून मग अशी भारंभार पत्रं.

तुम्हाला काही नव्याने शिकायला लागणार नाही. मास्क त्याच मापाचा आणि त्याच प्रकारचा घेतला आहे, नाकावर व्रण पडणार नाही. नळी तापणारी आहे, त्यामुळे पहाटे पाणी साचून गुडगुड होणार नाही. दाब सुरुवातीला हलका असतो आणि झोप लागेल तसा वाढतो. आवाज जुन्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. दिवा विझवता येतो, आई, तुला तो डोळ्यावर येतो ना.

आता ऐका. जुनं मशीन आजपासून लावायचं नाही, "एकच रात्र" म्हणूनही नाही. नवं येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू उंच करून. झोपेची गोळी अजिबात नको. सर्दीच्या औषधानेही गुंगी येते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. दिवसा पेंग येत असेल तर गाडी काढायची नाही. दाबाचं सेटिंग माणूस येऊन करून देईल, त्याला शेजारी बसून सूचना देऊ नका. पाण्याचा डबा डिस्टिल्ड पाण्यानेच भरायचा, सकाळी रिकामा करून वाळवायचा, आणि भरलेला असताना मशीन उचलायचं नाही, पाणी ब्लोअरमध्ये जातं. आई, फिल्टरची तारीख कॅलेंडरवर लिहिण्याचं काम तुझ्याकडे. बदलायचा बाबांनीच.

जुनं मशीन मी टाकणार नाही. वायर कापून ठेवा, म्हणजे चुकूनही कोणी लावणार नाही, आणि मग हवं तेवढं उघडा. ब्लोअर आतून कसा आहे ते मला दाखवा, मी येईन तेव्हा. सुट्टी मंजूर झाली की कळवते.

दोघांना नमस्कार.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, नव्या मशीनची वॉरंटी किती वर्षांची आहे असं तुम्ही दादाला विचारलंत म्हणे. ती संपायची वाट पाहायची नाही.