बंद पाकीट

प्रिय दिन्या,

सहा महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, रिपोर्ट चांगला आला, तो विषय संपला.

म्हणजे रिपोर्टचा संपला, पाकिटाचा नाही. मंगळवारी जिन्यात उभा राहून पाकिटाचा डिंक नखानं उकरत होतो आणि तोंडातून निघालं, 'देवा, काही नसू दे.' मी! हसून घे. निकाल तर आदल्या दिवशीच छापून झालेला. देव असलाच तरी त्यानं काय करायचं होतं, शाई बदलायची?

तो इंग्रज तत्त्वज्ञ क्लिफर्ड आठवतो? त्याचा १८७७ चा निबंध मी तुझ्या डोक्यात घालायचो. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं चूक; कुणीही, कधीही, कुठंही. त्याचा तो जहाजमालक, जुनाट जहाजाबद्दलच्या शंका गिळून माणसं समुद्रात धाडणारा. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी! तू मग त्याला उत्तर म्हणून अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स काढायचास, त्याचा १८९६ चा निबंध. निवड टळत नाही आणि पुरावा निकाल देत नाही, तिथं मनाचा कौल चालतो. पण बाबा, माझा पुरावा बोटाखालीच होता. तुझा जेम्सही मला जामीन राहायचा नाही.

तरी ते पुटपुटणं एवढं डाचत नाही. डाचतं ते पुढचं. 'नॉर्मल' वाचलं आणि तत्काळ मानलं. उलट निघाला असता तर दुसरी लॅब गाठली असती, नमुन्यांची अदलाबदल झाली का म्हणून भांडलो असतो. माझी चिकित्सा फक्त नावडत्या बातमीसाठी! जहाजमालक मीच की.

अक्कांच्या वेळी तू प्रार्थनेला बसायचास आणि मी तुझ्यापुढे २००६ चा तो अभ्यास नाचवला होता: बायपासचे १,८०२ रुग्ण, आणि आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी जास्त. आकडे खरेच होते, आजही आहेत. पण तू विचारलं कुठं होतंस? शमी मला गाढव म्हणाली ते उगाच नाही. आणि तू, प्रार्थना करणारा, अक्कांचा प्रत्येक रिपोर्ट, चांगला असला तरी, दोन डॉक्टरांना दाखवत होतास. हे मला मंगळवारी जिन्यात आठवलं.

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. साहेब कसा आहे? पोरीला पापा.

सोमवारी दुसरीकडे पुन्हा तपासून घेतोय. पाकीट उघडताना तुला फोन लावीन. काही पुटपुटलो तर गप्प राहा.

तुझा,
सुध्या