सिस्टर, तुम्ही आधी ट्रे मागितलात

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यांतच गळा दाटून आला. राहिलेलं आज लिहिते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण हाताखाली माणसं असलेल्या प्रत्येकापर्यंत हे पोचावं असं मला मनापासून वाटतं.

नोकरीचं दुसरं वर्ष, नाईट ड्युटी, पहाटेचे 3. अँटिबायोटिक विरघळवायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटर उचललं असं मला वाटलं. हातात आलं होतं केसीएल, पोटॅशियम क्लोराइड. 10 मिलीच्या त्या अँप्युलमध्ये, म्हणजे छोट्या बंद कुपीत, 1.5 ग्रॅम औषध असतं. ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळू, तासातासाच्या हिशेबानं द्यायचं. तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. बेडवरचे पेशंट आजोबा ओरडले, "हात पेटला गं!" म्हणून माझा हात थांबला. जेमतेम 1 मिली गेलं असेल. डॉक्टरांना उठवलं, ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं. उजाडेपर्यंत मी मॉनिटरसमोरून हलले नाही. आजोबा सुखरूप राहिले.

7 वाजता तुम्ही ओव्हर घ्यायला, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्डाचा ताबा घ्यायला आलात. मी रडत राजीनाम्याचं बोलत होते. तुम्ही म्हणालात, "तो ट्रे आण. आहे तस्सा आण."

खिडकीपाशी तुम्ही दोन्ही अँप्युल शेजारी शेजारी धरल्या. तेच प्लास्टिक, तीच उंची, आत पाण्यासारखंच पाणी. मग वॉर्डातले दिवे रात्रीसारखे मंद करून दिवसपाळीच्या दोघींना सांगितलंत, "डिस्टिल्ड वॉटर द्या." त्यातल्या एकीनं केसीएल उचललं. तो क्षण मी विसरूच शकत नाही. माझी चूक माझीच होती, पण ती त्या ट्रेमध्ये कुणाचीही वाट बघत पडलेली होती, हे तुम्ही सगळ्यांना डोळ्यांनी दाखवलंत.

तुम्ही मला पाठीशी घातलं नाहीत, हेही सांगायला हवं. रिपोर्ट माझ्याच हातानं लिहून घेतलात. आजोबांच्या मुलीला काय घडलं ते डॉक्टरांसोबत मलाच सांगायला लावलंत, पण माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलात. वरून नाव विचारलं गेलं तेव्हा म्हणालात, "वॉर्ड माझा, ट्रेची मांडणी माझी. आधी माझं नाव लिहा."

त्याच दिवशी केसीएल ट्रेमधून कुलपाच्या कपाटात गेलं. लाल स्टिकर आणि काढताना दोघींच्या सह्या. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला त्याच वॉर्डात पुन्हा नाईट लावलीत. तेव्हा राग आला होता. आज कळतं, त्या रात्री तुम्ही मला घरी बसवलं असतंत तर मी परत कधी सिरिंज धरली नसती.

आणि हळूहळू मुली बोलायला लागल्या. थोडक्यात टळलेल्या चुका, चुकीच्या बेडपाशी गेलेली गोळी, सगळं. तुम्ही ते नाव न घेता सकाळच्या ओव्हरला वाचायचात आणि दुपारपर्यंत काहीतरी बदललेलं असायचं.

आता इन्चार्ज मी आहे. 17 सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन आहे. नवीन मुलींना त्या पहाटेची गोष्ट सांगणार आहे, माझं नाव घेऊनच. तुमचं घेतलं तर चालेल का, तेवढं कळवा. आणि जमलं तर याच. ट्रे तुमच्याच हातानं लावून घेऊ.

तुमची,
नाईटची सिस्टर