गरम इंजिन, बंद गाडी

संपादक साहेब, सा.न.वि.वि.

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट उतरून सुरूरला चहाला थांबलो, दहा मिनिटांत परत आलो तर गाडी चालूच होईना. स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन काही पकडत नाही, आणि आई उन्हात बसलेली, जीव नुसता कासावीस झाला. पाऊण तासाने एका चावीत चालू! नंतर हे दोनदा झालं. एका गॅरेजने बॅटरी बदलली, मग फ्युएल पंप बदलला, पैसे गेले आणि दुखणं तसंच. अहो, स्टार्टर ठणठणीत फिरत असताना बॅटरी कशाला बदलायची?

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी गरम असतानाच बघायला मागितली, हेच खरं निदान. स्टार्टर मारताना आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा) काटा जागचा हलत नव्हता, ते बघून त्यांनी क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या भागावर, ओला फडका धरला, पाच मिनिटांत गाडी चालू. इंजिन बंद केलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरायचं थांबतं, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता थोडा वेळ उलट वाढते आणि त्यात सेन्सरच्या आतली बारीक तार तुटक होते, गार झाली की परत जुळते. म्हणून थंड गाडी तपासून काहीच सापडत नाही.

गॅरेजवाल्यांनो, कृपा करून आधी गाडी गरम करा, स्पार्क आणि पेट्रोलचं प्रेशर बघा, मग पार्ट बदला.

- एक वाचक, सातारा