गॅसबत्तीच्या टाकीला भोक पाडू नका

संपादक महोदय,

तमाशाचा बोर्ड (रंगमंच) आणि दशावताराचा मांड (खेळाची जागा) उजळणाऱ्या गॅसबत्त्या हल्ली भंगारातून उचलून विजेवर केल्या जातात. वायर नेण्यासाठी पितळी टाकीला भोक पाडले की ती बत्ती कायमची मेली. रॉकेल वर ढकलणारी हवा टाकी पुन्हा धरत नाही. वायर वरच्या टोपणाखालून आत घ्यावी, मेंटलच्या (तापून उजेड देणाऱ्या जाळीच्या) जागी १२ व्होल्टचा पिवळसर एलईडी बसवावा. टाकी शाबूत राहते.

प्रेक्षकांच्या बाजूला अर्धगोल पत्रा लावलेली बत्ती मिळाली तर तो पत्रा अजिबात काढू नये. ती रंगमंचावर वापरल्याची खूण असू शकते. प्रकाश नटावर पडावा, प्रेक्षकांचे डोळे दिपू नयेत, यासाठी तो असे.

रॉकेलवर पेटवायची असल्यास आधी टाकी रिकामी ठेवून हवा भरावी, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. पंप हवा धरत नसेल तर बहुधा चामडी वायसर सुकलेला असतो. तेलात भिजवला की फुगतो. रॉकेलची वाफ करणारी नळी स्पिरिटने पुरती तापली नाही तर कच्चे रॉकेल येऊन भडका उडतो. जुन्या मेंटलमध्ये किरणोत्सारी थोरियम असते, म्हणून त्याची राख फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

– जुन्या दिव्यांचे संग्राहक