अंगावरचं पित्त आणि पोटातलं पित्त

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, परवा तू म्हणालीस, "अंगावर पित्त उठलं, म्हणून ते गुलाबी पातळ औषध घेतलं आणि लगेच ॲलर्जीची गोळी." शब्द एकच, म्हणून हा घोळ घरोघरी होतो. पोटातलं पित्त म्हणजे आम्ल. अंगावर गांधी उठतात त्या त्वचेतल्या पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटल्यामुळे. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, तेवढी जागा फुगते आणि खाजते. तिथे गुलाबी औषधाचा काही उपयोग नाही. उलट तुझी गोळी फेक्सोफेनाडिनची आहे, आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड, म्हणजे तेच आम्ल मारणारं गुलाबी औषध, सोबत पोटात गेलं की ती कमी शोषली जाते. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेव. गोळी साध्या पाण्याबरोबरच घे, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसानेही तिचा असर घटतो. आमसुलाचं पाणी मात्र अंगाला खुशाल लाव.

बाबा, तुमची गोळी वेगळी, सेटिरिझिन १० मिलिग्रॅम. एकमेकांच्या डब्यातली गोळी घेऊ नका ती यासाठीच. सेटिरिझिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. तुमच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड मंद, म्हणून ती अंगात जास्त वेळ रेंगाळते. सकाळी पेपर वाचता वाचता डोळा लागतो, त्याचं खापर तुम्ही वयावर फोडता. थोडं या गोळीवरही फोडा. पुढच्या खेपेला डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारा, ५ मिलिग्रॅम पुरेल का. मूत्रपिंड मंद असलं की डोस निम्मा करतात. गोळी मोडायची तर मधोमध रेघ असेल तरच: रेघ वर, दोन्ही टोकं चिमटीत धरून खाली वाकवायची. सुरीने चुरा होतो आणि निम्मा डोस बशीत राहतो.

आता औषधांच्या डब्यातली ती सर्दीची गोळी. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं आहेत: क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन, पॅरासिटामॉल. पहिलं जुन्या पिढीचं ॲलर्जीचं औषध, मेंदूत सहज शिरतं. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, वय झालेल्यांना गोंधळल्यासारखं होतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते. दुसऱ्याने बीपी चढतं. तिसरं तुम्ही गुडघ्यासाठी वेगळंही घेता, म्हणजे ते दुप्पट. वर सेटिरिझिन चालूच! रात्री अशा गुंगीत बाथरूमला उठणं म्हणजे खुब्याचं हाड मोडायला आमंत्रण. ती स्ट्रिप डब्यातून काढूनच टाका. आई, तुझी झोपेची अर्धी गोळी असते ना, मग हे तुलाही लागू.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बाबा, तुम्ही महिनोन्‌महिने रोज घेताय, तेव्हा एकदम बंदही करू नका. बंद केल्यावर काही दिवसांत काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनबद्दल तसा इशारा दिला आहे. कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील. ॲलर्जीची त्वचेवरची तपासणी ठरली, तर गोळी आधी किती दिवस थांबवायची ते तिथेच विचारा, नाहीतर गांध उठतच नाही आणि तपासणी फुकट जाते.

ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळीवर विसंबून बसू नका. तिला असर दाखवायला तासभर लागतो आणि तिथे ती पुरतही नाही, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. थेट १०८ लावा.

आज संध्याकाळी डब्यातल्या सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो पाठवा. मागच्या बाजूचे, समोरचे नकोत. समोर नुसतं कंपनीचं नाव मोठं असतं.

तुमची,
लेक